चला, ताजला राहायला!

ताजसमोर उभं राहून फोटो प्रत्येक मुंबईकराने काढलेला असतो. पण आत राहायला जायचं म्हटलं की, 'छे, ते आपलं काम नव्हे!' आईला घेऊन एक रात्र तिथे काढली, तेव्हा सापडलेली ही सहा कारणं...

आमच्या डोंबिवलीच्या घरात टीव्हीच्या वर एक फोटो आहे. १९९८ सालचा, गेटवेवरच्या फोटोग्राफरने काढलेला. बाबा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, आई ठेवणीतल्या साडीत, मधे फ्रॉक घातलेली मी आणि माझ्या हातात 'बुढ्ढी के बाल'. बाबांच्या बरोब्बर डोक्यावर ताजचा घुमट उगवलाय! घरी येणारा प्रत्येक पाहुणा हा फोटो बघून हसतो.

तुमच्याही घरी असा एखादा फोटो असणारच. आता एक प्रश्न. ज्या इमारतीसमोर आपण सगळे हसत उभे राहिलो, तिच्या आत आपल्यापैकी किती जण गेले?

आईने फोर्टातल्या एका सरकारी ऑफिसात तेहतीस वर्षं नोकरी केली. लंच टाइममध्ये मैत्रिणींबरोबर चालत चालत गेटवेपर्यंत जायची, शेंगा खायची आणि परत यायची. तेहतीस वर्षांत ताजचा उंबरा एकदाही ओलांडला नाही. मी एकदा विचारलं, "कुणी अडवलं होतं का तुला?"

"अडवायला आधी जावं लागतं गं," आई म्हणाली.

हे वाक्य डोक्यात राहिलं. या वर्षी बोनस बरा झाला. ऑफिसातली गँग फुकेतची तिकिटं शोधत होती. मी मात्र ताजच्या जुन्या इमारतीतली समुद्राकडची खोली बुक केली. एका रात्रीसाठी, फक्त आई आणि मी. बाबा गेल्यापासून आम्ही दोघी कुठे गेलोच नव्हतो.

आईची पहिली प्रतिक्रिया? "डोकं ठिकाणावर आहे का? दीड तासावर आपलं घर आहे आणि हॉटेलात राहायचं?"

मुद्दा बिनतोड होता. स्वतःच्याच शहरात हॉटेलात कशाला राहायचं? तर, घ्या कारणं!

कारण १ : आधी ताज, मग गेटवे

आपल्याला वाटतं, गेटवे होतं आणि त्याच्या समोर हॉटेल बांधलं. झालं ते नेमकं उलट! ताज सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ रोजी. गेटवे ऑफ इंडिया पूर्ण झालं १९२४ मध्ये. म्हणजे गेटवे ताजपेक्षा दोन दशकांनी धाकटं. तोपर्यंत बोटीने मुंबईला येणाऱ्या माणसाला या किनाऱ्यावर आधी दिसायचा तो ताजचा घुमट. या जागेचं जुनं मराठी नावही झकास आहे : पालवा बंदर. त्याचंच साहेबाने 'अपोलो बंदर' केलं.

जमशेटजी टाटांना काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात 'फक्त गोऱ्यांसाठी' म्हणून प्रवेश नाकारला आणि त्यांनी इरेला पेटून ताज बांधलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. इतिहासकारांना ती फारशी पटत नाही. पण जे नक्की माहीत आहे ते त्याहून भारी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळत होती. मुंबईची पत पार गेली होती. आणि अशा वेळी या माणसाने स्वतःच्या खिशातून शहरासाठी एक आलिशान हॉटेल उभं करायला घेतलं! विजेचे दिवे, लिफ्ट, टर्किश बाथ अशी त्या काळातली सगळी नवलाई त्यात आणली.

जमशेटजी १९ मे १९०४ रोजी जर्मनीत वारले. म्हणजे हे हॉटेल सुरू झालेलं त्यांनी बघितलं, पण जेमतेम पाच महिने.

कारण २ : वैद्य नावाचा इंजिनिअर

आईच्या ऑफिसात एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. "ताज उलटं बांधलंय. साहेबाने नकाशा पाठवला, इथल्या लोकांनी तो फिरवून धरला. आर्किटेक्टने बघितलं आणि जीव दिला!"

राहणाऱ्या पाहुण्यांना हॉटेलातर्फे हेरिटेज वॉक करवतात. आम्ही अर्थातच गेलो. पैसे वसूल करायचे होते ना! तिथे या गोष्टीतली हवा निघाली. हॉटेलचं मूळ दार शहराच्या बाजूला होतं, ते मुद्दामच. घोडागाड्या तिकडून यायच्या आणि समुद्राची हवा नि देखावा खोल्यांच्या वाट्याला यायचा. जिथे घोडागाड्या थांबायच्या तिथे आज स्विमिंग पूल आहे.

आणि नकाशा साहेबाने पाठवलेला नव्हताच! ताजचं मूळ डिझाइन रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचं. काम सुरू असतानाच वैद्यांचं निधन झालं आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज आर्किटेक्टने ते पूर्ण केलं. वैद्य त्याआधी कुठे होते माहितीये? व्हीटी स्टेशनच्या बांधकामात, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या हाताखाली.

आई तिथेच थांबली. "म्हणजे तेहतीस वर्षं मी याच माणसाचा हात लागलेल्या स्टेशनातून रोज बाहेर पडत होते?"

होय. डोंबिवली फास्ट पकडून ती ज्या स्टेशनात उतरायची आणि लंच टाइममध्ये ज्या हॉटेलकडे लांबून बघायची, त्या दोन्हींत एका मराठी इंजिनिअरची मेहनत होती. आणि दोन्हींपैकी एकच आपलं, असं आम्ही धरून चाललो होतो.

जाता जाता : २०१७ मध्ये या इमारतीच्या रूपाचा ट्रेडमार्क नोंदवला गेला. असा ट्रेडमार्क मिळवणारी ती भारतातली पहिली इमारत. बाबांच्या डोक्यावर उगवलेला तो घुमट साधासुधा नाही, मंडळी!

कारण ३ : तो जिना

जिन्याआधी दाराची गोष्ट सांगायला हवी. ती सांगायला मला जड जातंय, पण सांगते.

टॅक्सीतून उतरलो. माझ्या हातात चाकांची ट्रॉली. आईकडे तिची जुनी रेक्झिनची बॅग आणि दादरच्या साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. पिशवीत स्टीलचा डबा. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. "तिथलं जेवण नाही आवडलं तर?" म्हणून!

२००८ नंतर इथे प्रत्येक सामान मशीनमधून जातं. ती पिशवीही पट्ट्यावर चढली. मी हळूच म्हटलं, "आई, पिशवी माझ्या ट्रॉलीत टाकू या का?" आईने माझ्याकडे बघितलं फक्त. पलीकडून एका बाईंनी पिशवी उचलून "या काकू" म्हणत आईच्या हातात दिली, तेवढ्याच अदबीने जेवढ्या अदबीने पुढच्या परदेशी पाहुण्याला त्याची लेदरची बॅग दिली होती.

लाज हॉटेलला वाटलीच नव्हती. ती माझी होती. डोंबिवलीहून माझ्याबरोबर आलेली.

मग तो जिना. मोठ्या घुमटाच्या बरोब्बर खाली, कठड्यांच्या नक्षीसकट वर वर जाणारा. लिफ्ट आहे, पण जिन्यानेच जा. मान वर करून चाला. पहिल्या महायुद्धात या हॉटेलचं सहाशे खाटांचं हॉस्पिटल झालं होतं. सरोजिनी नायडूंचा इथे मुक्काम असायचा. १९६६ मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला आला, तो इथेच उतरला. खोटं नाव घेऊन आणि मिशा वाढवून! तरी ओळखला गेला, गर्दी जमली आणि गुरू-शिष्यांना काश्मीर गाठावं लागलं.

जिन्यात जमशेटजींचा अर्धपुतळा आहे. आईने चप्पल काढली नाही, पण हात जोडले.

कारण ४ : सी लाउंजमधला चहा

पहिल्या मजल्यावर सी लाउंज. मोठ्या खिडक्या, समोर बोटी, हळू आवाजातला पियानो. मुंबईतल्या बड्या घरांतले 'बघण्याचे कार्यक्रम' वर्षानुवर्षं इथे होत आलेत, ही ख्याती. कॉकटेलवाल्यांसाठी खाली १९३३ सालचा हार्बर बार आहेच. आम्ही मात्र चहावाल्या.

आईने मेनूकार्ड उघडलं आणि सवयीप्रमाणे उजवीकडून वाचायला सुरुवात केली. म्हणजे आधी किंमत, मग पदार्थ. "अगं, या पैशात आपल्या सोसायटीच्या अख्ख्या विंगला भेळ होईल!" मी कार्ड तिच्या हातातून काढून घेतलं आणि चहा नि शेवपुरी मागवली.

चहा आला. आई बराच वेळ समुद्राकडे बघत होती. मग म्हणाली, "तुला एक सांगितलं नव्हतं."

माझ्या जन्माआधीची गोष्ट. बाबांच्या साहेबांच्या मुलीचं रिसेप्शन एका बड्या हॉटेलात होतं. बाबा ऑफिसातून थेट गेले, सगळ्यांनी मिळून घेतलेला भेटीचा खोका हातात धरून. दारावरच्या माणसाने त्यांना वरून खालपर्यंत बघितलं आणि सांगितलं, "डिलिव्हरी मागच्या दाराने." बाबा काही बोलले नाहीत. मागच्या दाराने गेले, खोका ठेवला आणि तसेच घरी आले. न जेवता.

"नंतर कधीही असल्या ठिकाणचा विषय निघाला की म्हणायचे, आत काय ठेवलंय? चहा तोच."

माझ्या घशात शेवपुरी अडकली. लहानपणापासून हे वाक्य मी बाबांचा साधेपणा म्हणून ऐकत आले होते.

आईने कप खाली ठेवला. "पण चहा खरंच तोच आहे हो," ती म्हणाली. आणि आम्ही दोघी हसलो. इतक्या की शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी वळून बघितलं. बघू देत!

कारण ५ : ती ३१ नावं

हॉटेलात एक स्मारक आहे. त्यावर ३१ नावं आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सुरू झालेला हल्ला २९ तारखेच्या सकाळी संपला, तोवर या इमारतीत मारल्या गेलेल्यांची. आपण सगळ्यांनी ते दिवस टीव्हीसमोर काढले. घुमटाशेजारून निघणारा धूर अजून डोळ्यांसमोर आहे.

आपल्यासारख्या नोकरदारांनी इथे दोन मिनिटं थांबावं, यासाठी एक वेगळं कारण आहे. डिसेंबर २०११ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'ने ताजच्या कर्मचाऱ्यांवर लेख छापला. त्यातला आकडा असा : हॉटेलचे ११ कर्मचारी पाहुण्यांना वाचवताना गेले आणि १२०० ते १५०० पाहुणे बाहेर पडू शकले. स्वयंपाकघरातल्या माणसांनी पाहुण्यांभोवती कडं केलं. तेव्हाचे जनरल मॅनेजर करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुलं सहाव्या मजल्यावर गेली, तरी ते शेवटपर्यंत कामावर राहिले. पोलिसांच्या बाजूने सुरुवातीलाच आत शिरलेल्यांत होते आपल्या सांगली जिल्ह्यातले विश्वास नांगरे पाटील, तेव्हाचे डीसीपी.

त्या लेखाचा खरा प्रश्न होता, ही माणसं पळाली का नाहीत? मागची दारं, जिने, गल्ल्या त्यांना पाठ होत्या. उत्तर शोधताना लेखकांना दिसलं की ताज माणसं निवडताना महानगरांपेक्षा छोट्या शहरांकडे बघतं. मुंबईऐवजी पुणे, दिल्लीऐवजी चंदीगड नि डेहराडून. मार्कांआधी स्वभाव बघतात. बाकी हॉटेलं बारा महिने ट्रेनिंग देतात, हे अठरा महिने देतात. आणि शिकवतात काय? कंपनी आणि पाहुणा यांच्यात निवड करायची वेळ आली, तर पाहुण्याची बाजू घ्या.

आपल्या अप्रेझल फॉर्ममध्ये असा रकाना आहे का हो? माझ्या तरी नाही. आमच्याकडे साध्या फायर ड्रिललाही मी आधी लॅपटॉप उचलते.

जळालेल्या हॉटेलचा टॉवर महिन्याभराच्या आत, २१ डिसेंबर २००८ ला उघडला. जुनी इमारत पूर्ण दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला खुली झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बराक ओबामा मुंबईत आले, ते इथेच उतरले.

रात्री खोलीत आईने डबा उघडला. (जेवण आवडलं होतं. पण दशम्या वाया कशाला घालवायच्या?) मग तिला कांदा हवासा वाटला. मी म्हटलं, "आई, प्लीज!" तिने स्वतः फोन उचलला. दहा मिनिटांत कांदा आला. गोल चिरलेला, सोबत लिंबाची फोड, हिरवी मिरची, दोन पांढऱ्याशुभ्र ताटल्या. आणणारा मुलगा साताऱ्याकडचा निघाला. आईने विचारलंच, "तू होतास का रे तेव्हा?"

"नाही काकू, मी तेव्हा पाचवीत होतो. टीव्हीवर बघितलं. घरी तेव्हाच म्हटलं होतं, मोठा झाल्यावर इथेच काम करायचं."

(बिलात कांदा नव्हता. मी तपासलं!)

थोडं प्रॅक्टिकल बोलू या

फंडा सरळ आहे. एका रात्रीचा दर पाच आकडी असतो आणि वर १८ टक्के जीएसटी. हे काही दर महिन्याला जमणारं प्रकरण नव्हे. पण फुकेतचं तिकीट, तिथला खर्च असा हिशोब मांडलात तर एक रात्र तितकीही अशक्य दिसत नाही.

पावसाळ्यात आणि मधल्या वारी जा. डिसेंबरचे वीकएंड टाळा. बुकिंग करताना नीट बघा, कारण इमारती दोन आहेत : १९०३ चा पॅलेस आणि जुन्या ग्रीन्स हॉटेलच्या जागी १९७३ मध्ये सुरू झालेला टॉवर. इतिहास अनुभवायचा असेल तर पॅलेस. खोली समुद्राकडची हवी, हे स्पष्ट सांगा. चेक-इनच्या वेळेलाच पोचा म्हणजे हेरिटेज वॉक, पूल, चहा सगळं बसतं. दुसऱ्या दिवशी घारापुरीची बोट धरायची असेल तर सोमवार सोडून जा, सोमवारी लेणी बंद असतात. आणि खोली झेपतच नसेल तर नुसता सी लाउंजमध्ये चहा प्या. पण पुढच्या दाराने जा!

कारण ६ : सकाळी सहाची खिडकी

मी उठले तेव्हा आई खिडकीत होती. अंघोळ करून, केस विंचरून, खुर्ची ओढून बसलेली. बाहेर नुकतं उजाडत होतं. बोटींवरचे दिवे विझत होते. गेटवेसमोर कबुतरं आणि झाडूवाले. मग गळ्यात कॅमेरे अडकवलेले दोन-तीन फोटोग्राफर आले. थोड्या वेळाने त्यांचं पहिलं गिऱ्हाईक : नवरा, बायको आणि एक छोटी मुलगी. फोटोग्राफरने त्यांना ताजकडे पाठ करून उभं केलं. मुलगी सारखी मागे वळून आमच्याकडे बघत होती.

"आपण इथून एवढेच दिसत असू गं?" आई म्हणाली.

"कधी?"

"त्या फोटोत."

मी काहीच बोलले नाही. आईने त्या मुलीला हात केला. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतला हात एवढ्या लांबून कुणाला दिसणार? पण ती करत राहिली.

चेक-आउट करून आम्ही समोरच्या दारानेच बाहेर पडलो. रस्ता ओलांडला. फोटोग्राफर लगेच धावत आला, "मॅडम, अर्जंट फोटो, पाच मिनट में!" या वेळी मी नाही म्हटलं नाही. आई उभी राहिली, एका हातात रेक्झिनची बॅग, दुसऱ्या हातात ती साडीच्या दुकानाची पिशवी.

तो फोटो आता टीव्हीच्या वर, जुन्या फोटोच्या शेजारी आहे. पाहुणे विचारतात, "काकू कॅमेऱ्याकडे का बघत नाहीयेत?"

बघणार कशी? ती मान वळवून खिडक्या मोजतेय. आमची खोली कुठली, ते शोधतेय.